परवाना एकाकडे, हात दुसऱ्याकडे

सिंधुदुर्गात बंदूक ही शेतीच्या सामानातली वस्तू आहे. शहरातल्या मित्रांना हे सांगितलं की ते दचकतात, पण शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची नाहीतर काडतुसाची बंदूक असलेली घरं आमच्याकडे कितीतरी आहेत. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, माकडं कोवळे नारळ तोडून खाली टाकतात, काही गावांत गवे येतात. जनावर मारणं हा उद्देश नसतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे मनाला येईल तसं ते मारताही येत नाही. रात्री मळ्यात एक बार काढायचा, आवाजानं कळप पांगतो, पुढच्या काही रात्री बऱ्या जातात. एवढ्यासाठीच बंदूक, पण एवढ्यासाठीसुद्धा ती धड असावी लागते. बिघडलेली बंदूक आधी स्वतःच्या मालकाला इजा करते. बाराचा सगळा दाब त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर तयार होत असतो.

आमच्या घरची दुनळी आजोबांच्या वेळची. बर्मिंगहॅमची, बारा बोराची, बाहेर घोडे नसलेली. काडतुसावर घाव घालणारे हे घोडे आतल्या पेटीत बसतात. वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ साली ही रचना काढली आणि आजही दुनळ्या त्याच धर्तीवर बनतात. आत भाग मोजकेच. म्हणून ही बंदूक पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि म्हणूनच कुणालाही वाटतं की आपण ती उघडून नीट करू शकतो.

तिला कोकणची हवा मानवत नाही. पावसाळ्यात आठवड्याला तेलाचा हात लावला नाही तर नळ्यांवर तांबूस पूड दिसायला लागते. त्यात निवडणूक आली की बहुतेकांना शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही एकाच वर्षात झाल्या. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, म्हणजे आचारसंहितेचा काळ नेमका भात कापणीचा. शेतीसंरक्षणाची शस्त्रं यातून वगळावीत असं शेतकरी सांगत असतात आणि मला ते पटतं. डुकरांना आचारसंहिता नाही. शिवाय ठाण्यातल्या खोलीत इतक्या बंदुकांना तेल कोण लावणार? आमची परत आली तेव्हा नळ्यांवर गंजाचे ठिपके होते आणि उजवी नळी फुकट जायला लागली होती. चाप ओढला की नुसतं ‘टक्’. काडतूस काढून पाहावं तर टोपीवर, म्हणजे बुडाशी जिथे घाव बसून बार पेटतो तिथे, पिनेचा पुसट ठसा.

इथून शोध सुरू झाला.

१९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ स्पष्ट आहे: शस्त्रं बनवायची, विकायची किंवा धंदा म्हणून दुरुस्त करायची तर परवाना लागतो. सायकल किंवा पंप जसा ओळखीच्या माणसाकडे टाकता येतो तशी बंदूक टाकता येत नाही. आमच्या वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक लोहार आहे. त्याच्या आजोबांनी ठासणीच्या बंदुकांना कमानी, म्हणजे स्प्रिंगा, बनवून दिलेल्या. याचाही हात असा की कोयत्याला पाणी कसं द्यायचं हे तो पोलादाचा रंग बघून ठरवतो. आमच्या बंदुकीचं दुखणं त्याला बहुधा दुपारभरात कळलं असतं. पण त्याच्याकडे परवाना नाही. त्याच्या हातात बंदूक देणं म्हणजे त्यालाही गोत्यात आणणं आणि स्वतःलाही. ‘गुपचूप देऊन टाक, कोण बघतंय’ असं सांगणारे भेटतात. माझं मत पक्कं आहे: असा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नये. पकडला गेला तर त्या लोहाराची भट्टी कायमची बंद पडेल.

म्हणून बंदूक कव्हरात घालून, मूळ परवाना बरोबर घेऊन, एका मोठ्या शहरातल्या परवानाधारक दुकानात नेली. दुकान जुनं, भिंतीवर परवान्याच्या चौकटी, काचेच्या कपाटात छर्ऱ्याच्या बंदुका. काउंटरवरच्या माणसानं दुनळी मोडून, म्हणजे बिजागरीशी उघडून, नळ्यांतून उजेडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “सगळं करून देतो. नवी कोरी दिसेल.” नोंदवहीत नाव लिहिलं, पावती दिली. कुठलं काडतूस वापरता, कुणी आधी उघडली होती का, बार उशिरा जातो की जातच नाही, यातलं काहीच त्यानं विचारलं नाही.

परत मिळाली तेव्हा ती खरंच नवी कोरी दिसत होती. काळ्याशार नळ्या, चकाकणारा दस्ता. दुकानात खोटी काडतुसं घालून दोन्ही चाप ओढून दाखवले, खणखणीत. घरी आणली, अंगणात उन्हात धरली आणि एकेक गोष्ट दिसत गेली.

आधी स्क्रू. चांगल्या इंग्लिश बंदुकीच्या स्क्रूची खाच फार बारीक असते, पोस्टकार्डच्या कडेइतकी, आणि सगळ्या खाचा नळीच्या दिशेनं एका रेषेत उभ्या असतात. कारागिरानं स्क्रू बसवताना ते ठरवलेलं असतं. तो उघडायचा तर पेचकसाचं पातं त्या खाचेपुरतं घासून घ्यावं लागतं. आमच्या बंदुकीच्या खाचांचे ओठ फाटले होते. एक स्क्रू तिरका थांबलेला. ज्यानं उघडली त्यानं हाताला लागेल तो पेचकस घातला होता. तिथेच कळायला हवं ते कळलं: जो दिसणारा स्क्रू असा हाताळतो तो आतला न दिसणारा भाग कसा हाताळत असेल?

मग चापाच्या कडीवरचा नंबर. आकडे होते, पण उथळ झालेले, दोन तर तिरपा उजेड टाकल्याशिवाय वाचता येईनात. सगळं लोखंड चकाकी आणायला बफिंगच्या चाकावर धरलं होतं. शोभेपुरता हा प्रश्न असता तर मी गप्प बसलो असतो. परवान्यावर शस्त्राचा जो नंबर असतो तोच शस्त्रावर असावा लागतो. कलम ८ प्रमाणे नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं हा गुन्हा आहे, आणि खूण खोडलेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानंच ती खोडली असं कायदा धरून चालतो. नाही खोडली हे त्यानं सिद्ध करायचं. म्हणजे चाक फिरवलं दुसऱ्यानं आणि जबाब द्यायचा मी.

नशिबानं इंग्लिश कारखाने नंबर एकाच जागी ठोकत नाहीत. नळ्या उतरवल्या की त्यांच्या पोटाशी सपाट भागावर तो असतो, तिथेच बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे शिक्केही असतात. १८१३ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्यानं स्थापन झालेली ही संस्था. नेहमीपेक्षा जड बार काढून नळी टिकते का ते बघायचं आणि मगच शिक्का मारायचा, हे तिचं काम. पोटाशी चाक पोचलं नव्हतं. तिथला नंबर शाबूत होता.

तरी खरं नुकसान मला दिसलेलंच नव्हतं. ते कोल्हापूरला बंदुका दुरुस्त करणाऱ्या चाचांनी दाखवलं.

चाचांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. संस्थानी काळात कोल्हापूरला शिकारीचा नाद मोठा होता, त्यामुळे तिथे हे कसब रुजलं. त्यांच्या घरात ते बापाकडून आलं. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, खिडकीशी पाटासारखं लाकडी टेबल, त्यावर कानशींची रांग. सहा इंचीपासून सुईएवढ्या बारीकपर्यंत, प्रत्येकीला वेगळी मूठ. माझ्या हातातून बंदूक घेतली ती आधी मोडून रिकामी आहे का ते स्वतः पाहिलं, मग परवाना मागितला, नंबर ताडून बघितला. कडीवरचा नंबर वाचताना त्यांनी मान वर केली. “हे कुणी केलं?” मी सांगितलं. दुकानाला नावं ठेवणारं एक अक्षर ते बोलले नाहीत. पोटाखालचा नंबर वाचून वहीत उतरवला आणि म्हणाले, “पाव्हणं, आधी ठाण्यात एक अर्ज द्या. मग पुढचं.”

त्यांनी नळ्या सुट्या केल्या, खालच्या हुकात बोट अडकवून हवेत टांगल्या आणि दुसऱ्या हाताच्या नखानं टिचकी मारली. बाजारात माठ घेताना आपण वाजवून बघतो, तसंच. चांगल्या नळ्यांचा नाद घंटेसारखा लांबत जातो म्हणे. आमच्या नळ्यांतून बद्द आवाज आला आणि शेवटी बारीक झर्रर्र. “पट्टी सुटलीय,” चाचा म्हणाले.

दुनळीच्या दोन नळ्यांमधे वर-खाली ज्या पट्ट्या असतात त्या कथील-शिशाच्या डाखानं बसवलेल्या असतात. नळ्या काळ्या करायच्या दोन रीती आहेत. एकीत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं उकळतं पाणी असतं, तापमान एकशेचाळीस अंशांच्या आसपास. त्यात लोखंड बुडवलं की अर्ध्या तासात काळं होतं. एकनळीला, रायफलला ते चालतं. दुनळीला चालत नाही, कारण तो क्षार डाख खातो, आणि पट्टीखाली जे पाणी शिरतं ते बाहेर येत नाही, आत बसून गंज करतं. दुसरी रीत संथ. नळी स्वच्छ करून तिच्यावर औषध पुसायचं, दमट जागी ठेवून मुद्दाम गंज चढू द्यायचा, मग साध्या पाण्यात उकळायची. तांबडा गंज काळा होतो. तो मऊ तारेच्या ब्रशनं घासायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. सहा-आठ वेळा असं केल्यावर रंग धरतो. दुनळीला हीच रीत. शहरातल्या दुकानानं पहिली वापरली होती, स्वस्त आणि झटपट म्हणून. पावसाळा सरता सरता पट्टी उचलली गेली असती.

ते तिथे थांबतील असं वाटलं, पण नाही. चाचांनी एक दिवा पेटवला, नळ्यांच्या मागच्या तोंडावर काजळी धरली, बंदूक बंद करून उघडली आणि समोरच्या, बंदुकीच्याच पोलादी भिंतीवर काजळीचा ठसा कुठे उमटलाय ते दाखवलं. ठसा पूर्ण गोल हवा. आमचा वरच्या बाजूला नव्हताच. म्हणजे नळ्या आणि भिंत यांत फट होती. नळीचा हूक ज्या आडव्या पिनेवर फिरतो ती झिजली की अशी फट पडते. शहरातल्या माणसानं ती घालवायला हुकाच्या कडेवर हातोडीनं ठोकून धातू फुगवला होता. ठोकल्याच्या खुणा भिंगातून स्वच्छ दिसत होत्या. काही बार होईपर्यंत घट्ट वाटतं, मग पुन्हा सैल, आणि आता हूकही खराब. नीट काम म्हणजे नवी पिन, किंचित जाड, हुकाला अंगासरशी बसेल अशी घासलेली.

राहिला मूळ आजार, उजव्या नळीचा. घोड्याच्या मागची दोन पायांची कमान म्हातारी झाली होती, जोर देत नव्हती. ती बदलायच्या ऐवजी दुकानदारानं टोपीवर आदळणारी पिन लांब करून टाकली होती. पिन लांब म्हणजे टोपीवर घाव खोल. दुकानात ‘खणखणीत’ वाजलं ते म्हणून. पण फार लांब पिन टोपी फोडून आत जाते आणि जळता वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. चाचांनी पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली. टोक कानशीनं ओबडधोबड केलेलं, धातू इतका नरम की नखानं नाही पण सुईनं ओरखडा उठावा.

कमान त्यांनी माझ्यासमोर केली नाही, ते दिवसभराचं काम. पण दुसऱ्या कुणाची चालू होती ती पाहायला मिळाली. पोलादाची पट्टी कानशीनं घासत आणली होती, दोन्ही पाय टोकाकडे निमुळते, कुठेही आडवा ओरखडा नाही. आडवा ओरखडा राहिला की कमान तिथेच मोडते, म्हणून शेवटचं घासणं नेहमी लांबीच्या दिशेनं. मग ती लाल करून तेलात विझवली. आता ती काचेसारखी ठिसूळ. पुन्हा तेलात बुडवून ते तेल तिच्यावरच पेटवलं, ज्योत आपोआप विझेपर्यंत थांबले, आणि हे परत केलं. पोलादाला पाणी देणं आपण लहानपणापासून ऐकतो. इतक्या जवळून मी ते पहिल्यांदा पाहिलं, आणि मला आमच्या वाडीतला लोहार सारखा आठवत राहिला. हेच हात त्याच्याकडे आहेत.

विश्वासाचा माणूस ओळखावा कसा, हे मला चाचांच्या प्रश्नांतून कळलं. पहिला प्रश्न: “काडतूस कुठलं घालता?” खडकीचं, मी सांगितलं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, तिथली बारा बोराची काडतुसं आपल्याकडे सर्रास वापरतात. “पासष्टचं की सत्तरचं?” जुन्या इंग्लिश दुनळ्यांची काडतूस बसायची खोली बहुधा पासष्ट मिलिमीटरची असते. सत्तरचं काडतूस तिच्यात बसतं, म्हणून लोक फसतात. बार होताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. त्यांनी माप लावून खोली मोजली, नळ्यांची जाडी ठिकठिकाणी मोजली, आकडे मला वाचून दाखवले. शहरातल्या दुकानानं हे मोजमाप केलंच नव्हतं.

आणि त्यांनी नकार दिले. दस्त्याला चकचकीत पॉलिश नको म्हणाले, अक्रोडाला जवसाचं तेल हातानं चोळत राहायचं. आतले गंजाचे बारीक खड्डे घासून काढायला नकार, कारण खड्डे जातात पण जाडीही जाते. मी बसलो असतानाच एकजण आला आणि दुनळीची लांबी कमी करून मिळेल का विचारू लागला. चाचा शांतपणे म्हणाले, “नळी कापायचं काम इथं होत नाही.” कलम ६ नुसार त्यालाही वेगळी परवानगी लागते, हे त्या माणसाला माहीत असावं, कारण तो लगेच निघून गेला. सगळ्याला हो म्हणणाऱ्या दुकानापेक्षा मला हा नकार मोलाचा वाटतो. ‘नवी कोरी दिसेल’ हे वाक्य ऐकलं की बंदूक उचलावी आणि बाहेर पडावं, असं मी आता ओळखीच्या सगळ्यांना सांगतो.

निकृष्ट कामाचं काय करायचं, याबद्दल लोक फार लवकर हात झटकतात. बंदुकीच्या भानगडीत पोलिसांकडे कोण जाणार, ही भीती. मी आधी ठाण्यात अर्ज दिला: नंबर कुठे पुसट झाला, कुठे शाबूत आहे, दुरुस्तीची पावती, दुकानात देण्याआधीचे फोटो. हवालदारानं पोटाखालचा नंबर स्वतः वाचून पोच दिली. ती पोच परवान्याबरोबर ठेवलेली आहे. मग दुकानाला फोटोंसह रजिस्टर पत्र. त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं: माल तपासून नेलात, आता तक्रार चालणार नाही. दुसऱ्या पत्रात मी जिल्हा ग्राहक आयोगाचा उल्लेख केला. दुरुस्ती ही सेवा आहे, तिच्यातल्या उणिवेची तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करता येते, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. त्यानंतर पैसे परत आले. चूक कबूल केली नाही. चाकावर गेलेला धातू तर परत येणारच नाही.

माझा राग त्या एका दुकानावर संपत नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात खासगी शस्त्रांची आयात बंद झाली, त्याआधी शिकार जवळजवळ बंद झालेली होती, गिऱ्हाईक आटलं, आणि जे मिस्त्री होते त्यांच्या मुलांनी दुसरे धंदे धरले. शिकार बंद झाली हे उत्तमच झालं. पण परवान्यावरच्या बंदुका राहिल्या, शेतकऱ्यांच्या घरात, जुन्या होत चाललेल्या. माझ्यासमोरच्या त्या दुकानदाराकडे चौकटीतला परवाना होता, नोंदवही होती, लोखंडी कपाट होतं, आणि कानस धरता येत नव्हती. कमान घडवायला देऊन, फट काजळीनं बघायला सांगून, मगच दुरुस्तीचा परवाना द्यायला काय हरकत आहे? वाहन चालवायला परीक्षा आहे, वीज जोडायला परीक्षा आहे. आणि हातात कसब असलेल्या लोहाराला परवानाधारकाच्या हाताखाली रीतसर शिकता आलं, पुढे स्वतःचा परवाना मागता आला, तर आमच्या जिल्ह्यात चांगल्या माणसाच्या शोधात घाट चढून जायची पाळी येणार नाही. हे मी जिल्हाधिकारी कार्यालयाला लिहून दिलं आहे.

चाचांनी पट्टी नव्यानं डाखवली, आडवी पिन बदलली, उजवी कमान आणि योग्य मापाची कडक पिन बसवली. पहिला बार त्यांनी कुणाच्या खांद्यावरून काढू दिला नाही. बंदूक चौकटीला बांधली, चापाला दोरी लावली, आम्हाला भिंतीमागे उभं केलं. काढलेलं काडतूस उलटं करून टोपी दाखवली: मधोमध खोलगट ठसा, कडा गुळगुळीत, कुठे चीर नाही. नळ्या काळ्या करायचं काम मात्र पुढे ढकललं आहे. संथ रीतीला दमट हवा चालते पण त्यांच्या खोलीत पावसाळ्यात ती ताब्यात राहत नाही. दिवाळीनंतर या, म्हणाले, आणि तोवर दर रविवारी तेल.